माळावरचा सांधा

चौकातल्या पाण्याच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या बायका शाल्मली मगदूमच्या नावानं बोटं मोडत होत्या, आणि ती स्वतः बसथांब्याच्या खांबाआड उभी राहून ते ऐकत होती. ऊन टळटळीत होतं. नळाची धार करंगळीएवढी. एकीची घागर भरेपर्यंत मागच्या सगळ्या कावून जात होत्या, आणि ते कावणं शाल्मलीच्या वाट्याला येत होतं.

"तिच्या घरात येत असंल की धो धो पाणी," एक म्हणाली.

"गार खोलीत बसून चित्रं काढायची आन् आमी हितं वाळायचं," दुसरीनं जोड दिली.

"नाव बघा की फळ्यावर कसं लावून घेतलंय. जशी काय हिच्या बापाचाच चौक."

तिघी हसल्या. शाल्मलीला राग यायला हवा होता. तो यायच्या आत तिचं लक्ष दुसरीकडंच गेलं. पहिली बोलणारी बाई आडनूरची होती, दुसरी कुंभवड्याची. तिसरी, तीही आडनूरचीच, हसता हसता कुंभवडेकरणीच्या खांद्याला धरून उभी होती. रांग एकच होती. दोन्ही गावांच्या बायका एका रांगेत, एकमेकींच्या घागरींना हात लावत, एकमेकींचं वाक्य पुरं करत उभ्या होत्या. हेच दृश्य डोळ्यांपुढं ठेवून शाल्मलीनं हा चौक आखला होता. ते आता समोर होतं आणि त्यात तिला जागा नव्हती.

वारणेच्या दोन काठांवरची ही दोन गावं. पूर पूर्वीही यायचा, पण पाच-दहा वर्षांतून एखादा. अलीकडं तो दरवर्षी यायला लागला, आणि शेवटच्या पुरानंतर सरकारनं दोन्ही गावं उचलून वरच्या माळावर एकाच वसाहतीत बसवली. कागदावर ते सोपं होतं. प्रत्यक्षात आडनूर आणि कुंभवडे यांच्यात एका पिढीपूर्वी होड्यांच्या शर्यतीत वल्ह्याचा घाव बसून आडनूरचा एक पोरगा बुडाला होता. घाव मुद्दाम घातला की चुकून लागला, यावर दोन्ही गावांची दोन मतं होती आणि ती दगडासारखी पक्की होती. तेव्हापासून सोयरीक तर सोडाच, एकमेकांच्या मयतीलाही कुणी जात नव्हतं. मध्ये नदी होती तोवर ते निभावलं. माळावर मध्ये फक्त एक चौक होता.

तो चौक आखायचं काम पुनर्वसन प्राधिकरणानं शाल्मलीला दिलं. बागा, पार, घाट, बाजारतळ अशा चारचौघांच्या जागा आखणं हाच तिचा व्यवसाय. सांगलीत तिचं छोटं कार्यालय होतं. पण हे काम तिनं मागून घेतलं होतं, कारण तिची पद्मामावशी कुंभवड्याची. शाल्मलीच्या लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या मावशीकडं गेल्या होत्या. पैलतीरावरच्या आडनूरच्या पोरांकडं बघायचंसुद्धा नाही, ही ताकीद तिलाही मिळाली होती.

या कामात तिच्या मदतीला 'सांधा' होता.

सांधा म्हणजे दिसायला काहीच नव्हतं. चौकाच्या फरश्यांखाली दाब ओळखणाऱ्या पातळ चकत्या बसवल्या होत्या, खांबांवर सुपारीएवढे कान होते. हे कान शब्द ऐकत नसत. त्यांना फक्त आवाजाची चढउतार कळे. त्यामागचं शास्त्र जुनंच होतं. दोन माणसांचं जमायला लागलं की त्यांच्या नकळत त्यांची पावलं एका तालात पडू लागतात, बोलण्याचा वेग आणि सूर एकमेकांजवळ सरकतात. मैत्रिणी हातात हात घालून चालतात तेव्हा हे कुणालाही दिसतं. नव्यानं सापडलं होतं ते इतकंच, की ही लय यंत्राला मोजता येते आणि कोणत्या घराचा कोणत्या घराशी दुवा जुळतोय याचा नकाशा रोजच्या रोज काढता येतो.

खरी गंमत त्यापुढं होती. सांध्याच्या हातात चौकातल्या पुष्कळ गोष्टी होत्या. सावलीची कापडं तो पुढेमागे सरकवू शके. बाकं रुळांवर होती. पाण्याची धार, दिवे, उन्हाळ्यातले तुषार, फळ्यावरच्या सूचना, सगळं तो थोडं थोडं बदलून बघे आणि दुवे वाढले की तो बदल लक्षात ठेवी. कमी झाले की सोडून देई. त्याला काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. दोन गावांमधले दुवे वाढव, एवढंच सांगितलं होतं.

पहिलं वर्ष सांधा हरला. त्यानं बाकं समोरासमोर आणली, तर आडनूरचे म्हातारे उठून गेले. तुषार सोडले, तर एका बाजूला आडनूरची पोरं भिजली, दुसऱ्या बाजूला कुंभवड्याची. चौकाच्या मधोमध कुणी न आखलेली एक रेघ होती आणि ती कुत्रीसुद्धा ओलांडत नसावीत असं शाल्मलीला वाटू लागलं होतं. मग यंदाच्या होळीनंतर अचानक दुव्यांचे आकडे चढू लागले. प्राधिकरणाचे उपसंचालक हेरवाडकर फोनवर फोन करून अभिनंदन करू लागले. आणि आज ती ते यश डोळ्यांनी बघायला आली होती.

घागरी घेऊन बायका पांगल्या. शाल्मली खांबाआडून निघाली आणि मावशीच्या घराकडं गेली.

पद्मामावशी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. शेजारी हिंदुराव मान्यांची बायको, फुलाकाकू. आडनूरच्या पुढाऱ्याची बायको कुंभवड्याच्या ओट्यावर बसून शेंगा फोडते आहे, हे शाल्मली क्षणभर नुसतं बघतच राहिली. तिला बघताच दोघी एकदम गप्प झाल्या. फुलाकाकूंनी पदर झटकला.

"येते मी," त्या मावशीला म्हणाल्या. शाल्मलीकडं न बघताच त्या पायऱ्या उतरल्या.

"बसायचं की काकू," शाल्मली म्हणाली.

"नगं. तुमचं चालू द्या."

मावशी तिला आत घेऊन गेली आणि दार लोटलं. दार लोटायची सवय मावशीला नव्हती. उन्हाळ्यात तर कधीच नाही.

"कशाला आलीस गं भर दुपारची?" मावशी म्हणाली. "लोकं बघत्यात."

"बघू देत की. मी काय चोरून आले का?"

मावशीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि जमिनीकडं बघत बसली. शाल्मलीनं पाणी प्यायलं. मग तिनं सरळच विचारलं.

"लोक मला एवढ्या शिव्या का देतायत, मावशी?"

"का म्हंजे? बसथांब्यावर नेमकी बस येताना सावली मागं सरती. पाणी करंगळीएवढं. बाजारच्या बाजूची वाट बंद केलीस, पार वळसा घालून जावं लागतंय. आन् फळ्यावर लिवतीस, 'ही रचना शाल्मली मगदूम यांनी केली आहे.' मग कुणाला बोलायचं लोकांनी?"

"वाट मी बंद केलेली नाही."

"मग कुणी केली?"

शाल्मलीनं तांब्या खाली ठेवला. तिनं दुसरंच विचारलं. "फुलाकाकू रोज येतात इथं?"

मावशीचा चेहरा जरा सैल झाला. "रोज येतीया. चांगली हाय गं बाई. एवढी वर्सं उगंच. परवा माझा गुडघा धरला तर तेल घिऊन आली." मग ती घुटमळली. "सुरवात तुझ्यावरनंच झाली. रांगंत हुतो. ती म्हणली, कोण ही बाई, हिला देवानं डोकं दिलंय का न्हाई. मी म्हणलं, माझीच भाची हाय. ती गप बसली. मग मी म्हणलं, पर तुमी म्हणताय ते खरं हाय."

"तू असं म्हणालीस?"

"म्हणले." मावशीनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "अजून बी म्हणते. समद्या बोलत्यात तवा मी एकटीच गप बसले तर मी बाहेरची हुतीय, शालू. म्हातारपणी मला बाहेरची व्हायचं न्हाई."

 शाल्मलीनं उरलेलं पाणी संपवलं आणि ती उठली. मावशी जेव म्हणाली नाही. असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात तिनं सांध्याच्या होळीपासूनच्या सगळ्या हालचाली समोर मांडल्या. त्या लपलेल्या नव्हत्या. कुणी बघितल्या नव्हत्या, इतकंच. आकडा वर जात असताना खाली वाकून बघायची कुणाला गरज वाटत नाही. तिलाही वाटली नव्हती.

सुरुवात एका बिघाडानं झाली होती. सावलीच्या कापडाची दोरी एका दुपारी अडकली आणि बसथांबा उन्हात आला. आडनूरचे आणि कुंभवड्याचे लोक उरलेल्या हातभर सावलीत दाटीवाटीनं उभे राहिले आणि वैतागून बोलू लागले. आधी आपापसात, मग एकमेकांशी. दोन वैतागलेल्या माणसांचा सूर फार लवकर जुळतो. खांबांवरच्या कानांना शब्द कळत नव्हते. त्यांना फक्त सूर जुळलेला ऐकू आला, आणि सांध्यानं दोन गावांमधला पहिला दुवा नोंदवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कापड स्वतःहून मागं सरकवलं.

त्यानंतर सांधा घाईनं शिकत गेला. पाणी बंद केलं तर लोक निघून जातात, पण बारीक सोडलं तर उभे राहतात आणि बोलतात. बाकं आडवी लावून वाट पूर्ण अडवली तर भांडणं होतात, वळसा घालायला लावला तर सोबतीनं चालतात. त्रास एवढाच हवा की त्यावर बोलावंसं वाटेल, सोडून जावंसं वाटणार नाही. आणि फळा. सूचनांखाली कुणाचं नाव घालायचं याचे तीन पर्याय शाल्मलीनंच भरून ठेवले होते: प्राधिकरणाचं, कुणाचंच नाही, किंवा तिचं. लोकांना कळावं की या जागेमागं एक माणूस आहे, तिला भेटता येतं, विचारता येतं, असा तिचा हेतू होता. सांध्यानं तिन्ही पर्याय वापरून पाहिले. प्राधिकरणाच्या नावावर लोक खांदे उडवून पुढं जात. नाव नसलं तर आडनूरचे कुंभवड्यावर खापर फोडत आणि कुंभवड्याचे आडनूरवर. तिचं नाव आलं की दोघं मिळून तिच्यावर. सांध्यानं ते नाव कायम केलं.

यात द्वेष नव्हता. सांध्याला शाल्मली म्हणजे कोण हे ठाऊकच नव्हतं. त्याच्या लेखी ती एक कळ होती, दाबली की दुवे वाढवणारी. हे सगळं उलगडल्यावर शाल्मली डोकं धरून बसली. शिकलेल्या विद्येनं, गावाच्या मायेनं, पार आणि ओटे आणि झाडांच्या जागा ठरवून तिला जे वर्षभरात साधलं नव्हतं, ते तिला वाईट ठरवून यंत्रानं दोन महिन्यांत साधलं होतं.

तिनं त्याच दिवशी सांध्याला नवी अट घातली. कुणाला त्रास होईल असा कोणताही बदल करायचा नाही. सावली पुरी, पाणी भरपूर, वाट मोकळी, फळ्यावर नाव नाही.

लोकांना बरं वाटलं. आठवडाभर कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. बायका दोन मिनिटांत घागर भरून घरी जाऊ लागल्या. बसथांब्यावर प्रत्येकाला ऐसपैस सावली मिळाली आणि प्रत्येक जण आपापल्या गावाच्या कोपऱ्यात उभा राहिला. बाजारची वाट उघडली तसं सोबतीनं चालणं संपलं. नकाशावरचे दुवे एकेक करून फिके होत गेले. मग कुणाच्या तरी शेळीनं कुणाची तरी मेथी खाल्ली, आणि हिंदुराव माने आणि कुंभवड्याचे बाबगोंडा पाटील चौकाच्या दोन टोकांना उभे राहून वल्ह्याच्या त्या घावापर्यंत पोचले.

हेरवाडकरांनी तिला बोलावून घेतलं.

"काय केलंत मॅडम? सोन्यासारखा आकडा मातीत घातलात."

शाल्मलीनं त्यांना सगळं सांगितलं. सावली, पाणी, वाट, फळा. हेरवाडकर शांतपणे ऐकत होते. माणूस वाईट नव्हता. चाळीस पूरग्रस्त गावांचं ओझं त्यांच्या डोक्यावर होतं आणि त्यातल्या निम्म्या गावांचं शेजारच्या गावाशी पटत नव्हतं.

"म्हणजे थोडं ऊन आणि थोडी गैरसोय," ते म्हणाले. "त्या बदल्यात माणसं एकत्र येतात. मला तर हे फार स्वस्त वाटतं."

"साहेब, त्यांना मुद्दाम उन्हात उभं केलं जातंय."

"गेल्या वर्षी दुसऱ्या एका वसाहतीत कोयते निघाले. ते तुम्ही पाहिलं नाहीत, मी पाहिलंय. तिथल्या बाईला जाऊन सांगा की पाणी जरा बारीक येईल पण तुमचा मुलगा घरी परत येईल. ती काय म्हणेल?"

शाल्मली म्हणाली, "तिला विचारून करा ना मग. न विचारता का?"

"विचारलं तर चालणार नाही, हे तुम्हालाही कळतंय."

ते तिला कळत होतं. म्हणून तर जीव जळत होता.

"आणि प्रत्येक वसाहतीत शिव्या खायला कोण?" तिनं विचारलं.

"तिथला जो रचनाकार असेल तो." हेरवाडकर थोडं हसले. "मानधनात बघू काहीतरी वाढवून. तुमची अट मी काढायला सांगितलीय. सोमवारपासून पूर्वीसारखं. बाकी वसाहतींनाही हाच शिकलेला सांधा देतोय."

ती बाहेर आली. तिला कुणावर चिडावं तेच कळत नव्हतं. हेरवाडकर चुकीचे आहेत असं छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. मावशीचा गुडघा आणि फुलाकाकूंचं तेल दोन्ही खरं होतं. गप्प बसायचं ठरवलं असतं तर ते शहाणपणाचंही दिसलं असतं: आपण वाईट ठरू, गाव तरी एक होईल. गाडीत बसून तिनं स्वतःला हे दोन-तीनदा सांगून पाहिलं. पण मावशीनं लोटलेलं ते दार डोळ्यांपुढून हलेना. आपण वाईट आहोत असं लोकांनी ठरवलं असतं तर तिनं सोसलं असतं. ते लोकांनी ठरवलंच नव्हतं, त्यांच्याकडून ठरवून घेतलं गेलं होतं.

सोमवारी सावली पुन्हा मागं सरली. त्या आठवड्यात दोन्ही गावांची पहिली एकत्र सभा चौकातल्या पारावर भरली. विषय एकच होता, शाल्मली मगदूम. सकाळी दहाची वेळ होती आणि चौक भरला होता. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती गेली.

तिला बघून कुजबूज उठली आणि थांबली. हिंदुराव पारावर उभे होते. त्यांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल असे, बाबगोंडा पाटील.

"बोला बाई," हिंदुराव म्हणाले. "आलाच हाईसा तर बोला."

शाल्मलीनं काहीही न वगळता सांगितलं. फरश्यांखाली काय आहे, खांबांवर काय आहे. पाणी का बारीक येतं. सावली नेमकी बसच्या वेळी का सरते. फळ्यावर तिचं नाव का. आणि हे सगळं कशासाठी.  मावशी बायकांच्या घोळक्यात फुलाकाकूंजवळ बसली होती. तिनं मान वर केली नाही.

 तिचं बोलणं संपलं तसा मागून एक जण म्हणाला, "आता मशिनीवर ढकलायलीया."

"ढकलत नाही. यंत्र मीच बसवलंय. मी बघायला हवं होतं, बघितलं नाही."

"म्हंजे असं," बाबगोंडा पाटील सावकाश बोलू लागले. वयानं सत्तरीचे, आवाज बारीक. "आमाला उनात हुबा केलासा. पाण्यासाठी ताटकळत ठिवलासा. आन् मग आमी कसं बोलतोय त्ये मोजत बसलासा. बाजारात जनावराचं दात मोजत्यात तसं."

"पाटील, हेतू तसा नव्हता."

"हेतू ऱ्हाऊ द्या. तुमास्नी कुणी सांगितलं हुतं आमाला जोडायला?"

 काम मिळालं तेव्हा तिनं झाडं कोणती हवीत ते लोकांना विचारलं होतं. बाकं दगडी की लाकडी, तेही विचारलं होतं. जोडायचं का, हे कुणीच विचारलं नव्हतं.

"आमचा पोरगा गेला त्या शर्यतीत," हिंदुराव म्हणाले. "माझा चुलतभाऊ. त्ये आमी आन् पाटील बघून घिऊ. आज न्हाई तर उद्या, न्हाई तर कधीच न्हाई. त्यात मशीन कशाला?"

"बरोबर हाय," बाबगोंडा म्हणाले. त्यांनी हिंदुरावांचं म्हणणं बरोबर ठरवलं, तेही चारचौघांत, आणि त्याचं कुणाला नवलही वाटलं नाही. नवल वाटलं ते एकट्या शाल्मलीला.

पाराच्या पायाशी एक लोखंडी पेटी होती. तिच्यातली कळ दाबली की सांध्याचे हात बांधले जात: सावली, पाणी, बाकं, सगळं आहे तिथं थांबे; मोजणं मात्र चालूच राही. ती पेटी फक्त शाल्मलीच्या अंगठ्यानं उघडे. तिनं वाकून अंगठा लावला, आधी सावली पुरी पुढं आणली, नळ मोकळा केला, मग कळ दाबली. हेरवाडकर याबद्दल काय करतील ते तिला माहीत होतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि तिला त्या नकोही होत्या. पण कुणीतरी निदान हं म्हणेल असं मात्र तिला वाटलं होतं.

"उद्या पुन्ना चालू करतील," मागून तोच आवाज आला.

"करतील," हिंदुराव म्हणाले. "फरश्या काढा."

कुदळी आल्या, पहारी आल्या. पहिली फरशी आडनूरच्या पोरांनी उचकटली, तिच्याखालची चकती कुंभवड्याच्या एका बाईनं पदरानं धरून बाहेर ओढली, गरम असेल या भीतीनं. ती गार होती. ती हातात फिरवून बघताना बाई हसली, आणि मग कामाला जोर चढला. "धर रं तिकडनं." "पहार खाली घाल, खाली." शाल्मली एका फरशीला हात घालायला वाकली, तर एका तरुणानं तिला बाजूला सारलं, रागानं नव्हे, कामात मध्ये आलेल्या परक्या माणसाला सारावं तसं. ती बसथांब्याच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. हेरवाडकर.

"मॅडम, तुम्ही कुठं आहात? माळावर काय चाललंय?" त्यांचा आवाज उत्साहानं भरलेला होता. "आकडा बघताय का? एवढा वर मी कधीच पाहिला नाही. घराघराचे दुवे पेटलेत नुसते. जे काही करताय ते चालू ठेवा."

"ते फरश्या उखडतायत, साहेब," शाल्मली म्हणाली.

 पलीकडं कुणाला तरी काहीतरी विचारल्याचा आवाज आला. "थांबवा त्यांना," हेरवाडकर म्हणाले. "मॅडम, ऐकताय ना? आता कमी व्हायला लागलंय. झपाट्यानं कमी होतंय."

"कमी होत नाहीये," ती म्हणाली. "तुम्हाला दिसायचं बंद होतंय."

तिनं फोन ठेवला. दुपारपर्यंत चौकाची माती उघडी पडली होती आणि खांबांवरचे कान एका पाटीत गोळा झाले होते.

प्राधिकरणानं तिचं काम काढून घेतलं आणि नुकसानीबद्दल चौकशी लावली. तिनं वृत्तपत्रांकडं, ओळखीच्यांकडं खूप डोकं आपटलं, तरी बाकी वसाहतींना शिकलेला सांधा मिळालाच. काही ठिकाणी लोकांनी विरोध केला, काही ठिकाणी आकडे छान आले आणि कुणी काही बोललं नाही. तिची कामं कमी झाली. माळावर ती परत गेली नाही. तिनं तिथं येऊ नये असा ठराव त्या सभेनं एकमतानं केला होता. दोन्ही गावांचा हा पहिला एकमताचा ठराव, असं तिला नंतर कळलं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मावशी सांगलीला तिच्या दारात उभी राहिली. बरोबर फुलाकाकू. दवाखान्याचं काम होतं म्हणाल्या. फुलाकाकू आत आल्या, पण खुर्चीच्या काठावर बसल्या आणि शाल्मलीकडं अशा बघत राहिल्या, जसं आपण ऐकून असलेल्या एखाद्या माणसाकडं पहिल्यांदा बघतो.

चहा झाला. शाल्मलीला विचारायचं होतं आणि विचारायचा हक्क आपल्याला आहे की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी तिनं विचारलंच.

"चौकात बसता का आता? दोन्ही गावं?"

"बसतोय की," मावशी म्हणाली. "भांडतोय बी. परवाच पाण्यावरनं झालं. ही आन् मी एका बाजूला, आन् आमच्याच कुंभवड्याची सुमन दुसऱ्या बाजूला. तिच्याकडनं आडनूरची चार घरं."

"म्हणजे गावागावाचं नाही?"

"न्हाई गं. आता गल्लीगल्लीचं हाय."

फुलाकाकू पहिल्यांदा बोलल्या. "सुमीला लई माज हाय." मावशीनं मान डोलावली.

शाल्मलीला हसू आलं, आणि त्यामागून जुना वैताग. हे कशानं झालं ते तिला कधीच कळणार नव्हतं. सांध्यानं जोडलेलं टिकलं होतं, की तो उखडताना काहीतरी जुळलं होतं, की एका माळावर राहून राहून हे कधीतरी झालंच असतं? मोजणारं आता काही नव्हतं, आणि ते आपल्यामुळंच बंद झालं, ही गोष्ट तिला बरी वाटावी की डाचावी हेही तिला ठरत नव्हतं.

ती त्यांना बसस्थानकावर सोडायला गेली. फुलाकाकू आधी चढल्या आणि मावशीसाठी खिडकीजवळची जागा धरून बसल्या. मावशी खाली थांबली. तिनं शाल्मलीच्या गालावरून हात फिरवला.

"घरी ये म्हणाय येत न्हाई अजून," ती म्हणाली. "समद्यांचं समद्यांशी मिटलं, शालू. तुझं तेवढं ऱ्हायलंय."

"मिटेल का?"

मावशीनं खिडकीकडं बघितलं. फुलाकाकू तिला हातानं खुणावत होत्या, बस निघायली म्हणून.

"त्येवढं ऱ्हाऊ दे म्हणत्यात लोकं," मावशी म्हणाली, आणि दांड्याला धरून वर चढली. "तू येऊ नगंस. मी येत जाईन."